दुखवट्यातली भाकरी

दादा, तुम्हाला दिलेला शब्द मी मोडला. तुमच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीपाशी उभं राहून तुमच्या लेकीला, रेणूला, सगळं सांगून टाकलं. तुमचा आजार म्हणजे नुसती पोटाची तक्रार नव्हती, तो बापाकडून लेकराकडं जाऊ शकतो, आणि हे तुम्हाला आणि मला तिच्या लग्नाआधीपासून ठाऊक होतं. तुम्हाला जाऊन आज सव्वा महिना झाला. कागद घेऊन बसलोय, कारण तुमच्याशी भांडायचं राहून गेलंय आणि भांडायला तुम्ही समोर नाही.

तुमच्या तेराव्याला गावातली माणसं बोलली. प्रत्येकानं एकच सांगितलं, "अण्णा लई देवाचा माणूस. उपासानं वाळला बिचारा." मी खाली मान घालून बसलो होतो. उपासानं तुम्ही वाळला नव्हता. तुम्ही इतकी वर्षं तग धरला तो उपासामुळंच. त्या मांडवात हे एकट्या मला माहीत होतं, आणि ते बोलायचं नाही असा तुमचा हुकूम होता.

तुमचे उपास म्हणजे गावाला करमणूक होती. मंगळवार भवानीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, शिवाय दोन्ही एकादशा, चतुर्थी आणि नवरात्राचे नऊ दिवस. हंगामात उसाचा ट्रॅक्टर घेऊन तुम्ही कारखान्याच्या रांगेत उभे असायचा. चहाच्या टपरीवर बाकीचे ड्रायव्हर टोस्ट बुडवून खायचे आणि तुमची टर उडवायचे.

"अण्णा, घे की एक टोस्ट."

"मंगळवार हाय."

"काल काय हुतं मग? काल बी न्हाय म्हणलास."

"काल सोमवती हुती."

"तुज्या पंचांगात जेवायचा वार कोणता हाय ते तरी सांग गड्या, त्या दिवशी बलवतो!"

सगळे हसायचे, तुम्हीही हसायचा. खिशातून शेंगदाणे काढून चघळत बसायचा. मी एकदा विचारलं होतं, "दादा, एवढे उपास कशाला?" तुम्ही म्हणाला, "उपासाला पोट गप राहतंय रे." मला वाटलं, तुम्ही श्रद्धेचं बोलताय. तुम्ही पोटाचंच बोलत होता. तुमच्याइतकं सरळ बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि तुमचं ते एवढं सरळ वाक्य मला पंधरा वर्षं समजलं नाही.

आपल्या घरात पहिला पदवीधर मी. धाराशिवला कॉलेजात नाव घालायला तुम्ही आला होता, पायजम्याला ग्रीसचे डाग तसेच. कारकुनानं विचारलं, "घरात कोण शिकलेलं आहे?" तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "ह्यो शिकणार हाय. ह्याचंच नाव लिवा." तो कारकूनही हसला. पुढं मी बी.एस्सी. झालो, बी.एड. झालो, लोहाऱ्याला हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागलो, आणि त्या दिवसापासून तुम्ही मला नावानं हाक मारली नाही. मास्तर म्हणायला लागला. घरात काही ठरवायचं असलं की तुम्ही मोठे भाऊ असून म्हणायचा, "मास्तरला इचारा. मास्तर म्हणला म्हंजी झालं."

हा मान तुम्ही मला दिला, दादा. त्याचं मी काय केलं ते आता लिहितो.

चार वर्षांपूर्वीचं नवरात्र. तुम्हाला चक्कर येऊन तुम्ही ट्रॅक्टरवरून उतरता उतरता पडला. दवाखान्यात रक्त तपासलं तर इतकं कमी की ताबडतोब बाटली लावावी लागली. डॉक्टर म्हणाले, चांगलं खायला घाला. पाचवी माळ होती त्या दिवशी. तुमच्या उशाला वहिनींनी राजगिऱ्याचे लाडू आणून ठेवले होते. मी ते उचलून बाजूला ठेवले आणि सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल अशा आवाजात तुम्हाला बोललो. ही अंधश्रद्धा आहे म्हणालो. मी पोरांना वर्गात काय शिकवतो आणि माझ्याच घरात काय चाललंय म्हणालो. देवी काय तुमचं हिमोग्लोबिन वाढवणार आहे का, असंही म्हणालो. मग डबा उघडला, चपाती दुधात कुस्करली आणि पहिला घास माझ्या हातानं तुमच्या तोंडापुढं धरला.

तुम्ही घासाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "मास्तर, तू म्हणतोस म्हणून," म्हणाला, आणि नवरात्राचा उपास पाचव्या माळेला मोडला. अर्ध्या तासात सगळं उलटून पडलं. मी म्हणालो, "पोटाला सवय नाही. होईल हळूहळू."

मग शपथ घातली मी तुम्हाला, माझी. एकही उपास धरायचा नाही. तुम्ही पाळली. वर्षभर तुम्ही दोन्ही वेळा गव्हाची चपाती खाल्ली, आणि मी लोहाऱ्याहून दर शनिवारी येताना ताकदीला म्हणून गव्हाचा दलिया आणायचो, बिस्किटांचे पुडे आणायचो. ज्या अन्नानं तुमचं आतडं आतून सोलून निघत होतं, तेच मी पिशवी भरून आणत होतो. पोटऱ्या काड्यांसारख्या झाल्या, तोंडात फोड आले, दिवसातून सात-आठ वेळा तुम्ही परसाकडं जायचा. तरी मी आल्यावर माझ्यासमोर बसून दलिया खाऊन दाखवायचा. वाटी रिकामी करून माझ्याकडं सरकवायचा आणि म्हणायचा, "संपिवला बघ, मास्तर." ती वाटी मला आता बघवत नाही, म्हणून वहिनींना सांगून आत ठेवायला लावली. कारण सांगितलं नाही.

सोलापूरच्या डॉक्टरांकडं आपण गेलो तो दिवस तुम्हाला आठवत असेल. त्यांनी बाकी काही विचारायच्या आधी विचारलं, "तुम्हाला बरं कधी वाटतं?"

तुम्ही म्हणाला, "उपासाला."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. "उपासाला काय खाता?"

"भगर. साबुदाणा. राजगिरा. दाण्याचा कूट. पर आता धरत न्हाय. ह्यानं बंद केले." तुम्ही माझ्याकडं बोट दाखवलं. तक्रार म्हणून नव्हे. माझा भाऊ शिकलेला आहे, हे त्यांना कळावं म्हणून.

रक्ताची तपासणी झाली, तोंडातून नळी घालून आतड्याचा तुकडा काढला, आणि निदान झालं. सीलिअॅक. गव्हात ग्लुटेन म्हणून जे असतं ते तुमच्या शरीराला चालत नाही. खाल्लं की शरीर स्वतःच्याच आतड्यावर उठतं. ज्वारी, बाजरी, भात, भगर चालते. म्हणजे आपल्या आज्ज्यापणज्यानं जे खाल्लं ते सगळं तुम्हाला चालत होतं. आपल्याला चार पैसे बघायला मिळाले, घरात रोज चपाती व्हायला लागली, आणि तुम्ही आजारी पडला.

बाहेर आल्यावर बाकड्यावर बसून तुम्ही म्हणाला, "बघ मास्तर, देवीला कळलं हुतं."

त्या वेळी मी तुमचे पाय धरायला हवे होते. मी म्हणालो, "देवीचा काय संबंध, दादा? उपासाला पोटात गहू जात नव्हता, म्हणून बरं वाटायचं."

तुम्ही खळखळून हसला. "मंग गहू सोडायला मला लावलं कुणी?"

त्यावर मी एसटीची वेळ झाली म्हणालो. पुढं जवळजवळ तीन वर्षं आपण कितीतरी बोललो, पण मी कधी म्हणालो नाही की दादा, माझं चुकलं. म्हणायचं म्हणायचं करत राहिलो. तुमच्या आतड्यात गाठ निघाली तेव्हा मी डॉक्टरांना एकट्याला गाठून विचारलं की हे माझ्या त्या एका वर्षामुळं झालं का. ते म्हणाले, एका वर्षानं असं होत नाही, हा कितीतरी वर्षांचा आजार आहे. त्यांनी खरंच सांगितलं असेल. मला त्यानं बरं वाटलं नाही.

निदान झालं त्याच दिवशी डॉक्टरांनी दुसरंही सांगितलं होतं. हा आजार घराण्यात चालतो. भावंडांची आणि मुलांची तपासणी करा. एक रक्ताची तपासणी असते ती आजार आत्ता चालू आहे का ते सांगते, आणि ती गहू खात असतानाच करायची. दुसरी जनुकांची. ज्याच्यात ती जनुकं नाहीत, त्याला बहुतेक आयुष्यभर चिंता नाही. ज्याच्यात आहेत, त्याला आजार होईलच असं नाही. कित्येक लोकांत ती असतात आणि त्यांना काही होत नाही. पण लक्ष ठेवावं लागतं.

एसटीत बसल्यावर तुम्ही मला हे पुन्हा सांगायला लावलं. दहावीच्या पोरांना आनुवंशिकतेचा धडा मी दर वर्षी शिकवतो, वाटाण्याच्या शेंगा फळ्यावर काढून. तोच धडा तुम्हाला समजावला. तुम्ही खिडकीबाहेर रानाकडं बघितलं. मग म्हणाला, "एकाच पिशवीतलं ज्वारीचं बी पेरलं तरी एखाद्याच कणसाला काणी येऊन त्ये काळं पडतंय. तसंच का?"

"अगदी तसं नाही, पण जवळजवळ तसंच."

"म्हंजी मीच दिलं आसंल पोरीला."

"दिलं असेलच असं नाही. दिलं असलं तरी—"

"मास्तर, पोरीची सुपारी फुटलीय." मग तुम्ही माझा हात धरला. "हे कुणाला सांगू नकोस. तुज्या वैनीला बी न्हाय. लोकं म्हणतील घराण्यातच खोट हाय. लगीन मोडंल. एकदा लगीन हू दे."

मी हो म्हणालो. माझं रक्त मी गुपचूप सोलापूरला देऊन आलो. माझ्यात ती जनुकं निघाली, आजार निघाला नाही. तुम्हाला फोनवर सांगितलं तर तुम्ही एवढंच म्हणालात, "देवीची किरपा." ह्या वेळी मी वाद घातला नाही.

लग्न झालं. तुळजापुरात चांगलं घर मिळालं, प्रसादाच्या साहित्याचं दुकान, सासू कडक पण वागायला सरळ. मी म्हणालो, दादा, आता सांगू. तुम्ही म्हणाला, "तिच्या पदरात लेकरू पडू दे, मंग सांग." मधल्या काळात तुम्ही स्वतःचा आजारही लपवत राहिला. गव्हाचं दळण झाल्यावर त्याच जात्यावर ज्वारी टाकली तर पिठात गहू येतो, एवढं पथ्य तुम्हाला पाळावं लागायचं. गिरणीवाला म्हणायचा, "अण्णा, तुमची ज्वारी गव्हावर टाकतो, कशाला थांबताव?" तुम्ही म्हणायचा, "न्हाय, ज्वारीवरच टाक. देवीच्या निवदाचं हाय." तो म्हणायचा, "देवी लई चोखंदळ झाली तुमची!" ज्याला मी अंधश्रद्धा म्हणालो त्याच्याच आडोशाला तुम्ही आजार ठेवला. त्या माणसाला हे तुमचं औषध आहे हे तुम्ही गेलात तरी माहीत नाही.

मागच्या वर्षी रेणूला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात सगळं वाया गेलं. रक्त कमी, गोळ्या लागू पडत नव्हत्या. तुम्ही आजारपणात होता, तुम्हाला नीट सांगितलंही नाही आम्ही. पण मी वाचलं होतं, दादा. ह्या आजाराकडं लक्ष दिलं नाही तर असंही होऊ शकतं, हे मी वाचलं होतं. तुम्ही म्हणत होता लेकरू झाल्यावर सांग, आणि मला दिसत होतं की न सांगितल्यामुळंच कदाचित लेकरू टिकत नसेल. तरी मी गप्प बसलो. शब्द दिला होता म्हणून बसलो असं मी स्वतःला सांगायचो. खरं सांगू? तुम्ही जाणार हे कळलं होतं, आणि शेवटी शेवटी तुम्ही माझ्यावर रागावून जावं हे मला नको होतं. रेणूपेक्षा मी माझा विचार केला.

मग तुम्ही गेला. आपल्या घरात रीतीप्रमाणं चूल बंद. शेजारच्या घरांतून भाकरी आणि पिठलं येत होतं, दोन्ही वेळेला तेच. रेणू पहिल्या दिवसापासून आली होती. तिच्या सासरी दोन्ही वेळा चपात्या होतात, इथं बारा दिवस नुसती भाकरी. बाराव्या दिवशी दुपारी ती माझ्याजवळ येऊन बसली. आजूबाजूला कुणी नाही असं बघून म्हणाली, "काका, एक सांगू? कुणाला सांगू नका."

मला वाटलं, सासरचं काही असेल.

"मला बरं वाटायलंय," ती म्हणाली आणि रडायला लागली. "पोट फुगंना झालंय. काल टाकीवरनं दोन घागरी आणल्या, दम लागला न्हाय. झोप लागायलीय मला. अण्णा गेले आणि मला बरं वाटायलंय, काका. कसली लेक मी?"

दादा, मी तिला काय म्हणालो ठाऊक आहे? "माहेरची हवा मानवली असेल," म्हणालो. त्या पोरीला स्वतःचं बरं वाटणं हे पाप वाटत होतं, आणि तिला खरं कारण सांगू शकेल असा एकच माणूस तिच्यापुढं बसून हवेचं बोलत होता.

दुसऱ्या दिवशी तेरावं. गोड जेवण, गव्हाची खीर. लेकीनं खायलाच पाहिजे म्हणून बायकांनी तिच्या ताटात दोनदा वाढली. दिवस कलायच्या आत तिचं पोट बिघडलं. अंगणाच्या कोपऱ्यात उलट्या करत बसली होती. बायका म्हणाल्या, "बापाची माया वर येतीय." वहिनी तिची पाठ चोळत रडत होत्या. मी ओट्यावर उभा राहून बघत होतो, आणि मला पाचव्या माळेचा तो वॉर्ड दिसत होता.

सकाळ झाल्यावर टाकीपाशी गाठून मी तिला सगळं सांगितलं. तुमचं निदान, डॉक्टरांचं बोलणं, माझा रिपोर्ट, माझी शपथ, दलिया, सगळं. सांगताना मी थांबलो असतो तर पुन्हा बोलू शकलो नसतो. तिनं मध्ये एकदाच विचारलं, "अण्णांना ठाऊक हुतं?"

"होतं."

"आणि माझं पोटातलं गेलं तवा तुमी घरी आलाव. माझ्या उशाला बसलाव. तवा बी ठाऊक हुतं?"

"होतं."

ती आत निघून गेली. त्यानंतर तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी सासरहून फोन आला, तिचाच. "मालकास्नी सांगितलं म्या. ते म्हणतेत तपासू. काय काय करावं लागतंय?"

आणि मग मला ते वाक्य म्हणावं लागलं जे पुन्हा उच्चारायला नको असं मी देवाला म्हणत होतो. मी म्हणालो, "रेणू, रक्त देईपर्यंत चपाती सोडू नकोस. बारा दिवसांचा खंड पडलाय, डॉक्टर म्हणतात काही आठवडे रोज खा, नाहीतर तपासणीत खरं कळणार नाही. उपास धरू नकोस." तुम्हाला म्हणालो होतो तेच शब्द. तिला त्रास होणार हे ह्या वेळी मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. फरक म्हटला तर एवढाच. ती म्हणाली, "खाते. पर तुमी रोज फोन करायचा. म्या काय काय सोसलं ते रोज ऐकायचं." मी रोज ऐकलं. तिनं काही म्हणजे काही वगळलं नाही, आणि मी मध्ये बोललो नाही.

आज सोलापूरला रक्त दिलं. दोन्ही तपासण्या. तिची सासू सोबत आली होती; जावयांनी आईला नुसतं "रक्त कमी आहे" एवढंच सांगितलेलं. सुई टोचायच्या आधी तिथल्या बाईंनी फॉर्म भरताना विचारलं, "घरात कुणाला होता का हा आजार?" मी काही म्हणायच्या आत रेणू मोठ्यानं म्हणाली, "माझ्या वडलांना."

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. "लग्नाच्या आदी ठाऊक हुतं?"

ह्याच प्रश्नाला तुम्ही भीत होता, दादा. मी म्हणालो, "मला ठाऊक होतं. रिपोर्ट माझ्याकडंच होता. चूक माझी." तुमचं नाव घेतलं नाही.

रेणू कोपराला कापूस दाबून उभी होती. "काका, खोटं बोलू नका. अण्णास्नी बी ठाऊक हुतं." मग सासूकडं वळली. "आत्ती, त्यांनी भिऊन लपवलं. म्या भिणार न्हाय. मला लेकरू झालं तर त्याला मी पयलं हेच सांगणार." परतीच्या एसटीत सासूबाई पुढच्या बाकावर एकट्या जाऊन बसल्या. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला ठाऊक नाही, आणि उद्या त्या घरात काय होईल तेही ठाऊक नाही.

रिपोर्ट आठ-दहा दिवसांनी येईल. जनुकं निघतील, नाही निघणार, आजार निघेल, नाही निघणार. काहीही आलं तरी मी तो कागद घरात सगळ्यांना बसवून मोठ्यानं वाचणार आहे. वहिनींसमोर, माझ्या दोन्ही पोरांसमोर, तुमच्या भावकीसमोर. माझाही वाचणार आहे, आणि तुमचाही. तुमचा वाचताना पाचव्या माळेचं सांगणार आहे, कुणी उपास मोडला ते नाव घेऊन.

तुम्हाला हे आवडणार नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, मास्तर, घराची अब्रू चव्हाट्यावर मांडतोस का. रागवा, दादा. मी खाली मान घालून ऐकून घेईन. पण वाचणार.